गँग नंबर सहाचं मस्टर

मामी गेली त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. मामा वेळेवर उठत होते, जेवत होते, दूधवाल्याला दार उघडत होते. बघणाऱ्याला वाटावं, माणूस सावरला. मलाही तसंच वाटलं होतं. मग एका संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसले असताना त्यांच्या मनगटावर डास बसला. मामा त्याच्याकडे बघत राहिले. डास पोटभर प्यायला, जड होऊन उडाला, आणि मामा म्हणाले, "हं, तू काय सांगत होतीस?"

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. माझी आई म्हणजे मामांची थोरली बहीण, त्यांची अक्का. तिचा रडण्यावर विश्वास नाही, कामावर आहे. दुसऱ्याच दिवशी तिनं मामांना बोलावलं आणि एक वही पुढे सरकवली. तिनं घराण्याची माहिती लिहायला घेतली होती: कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं.

"आजोबांची तारीख नाही माझ्याकडे," ती म्हणाली. "रेल्वेत होते, तर रेल्वेकडे असेलच की. तू रिकामाच आहेस. जा आणि घेऊन ये."

"बरं," मामा म्हणाले. त्या दिवसांत ते सगळ्यालाच बरं म्हणत.

हे आजोबा म्हणजे माझे पणजोबा. त्यांच्याबद्दल आमच्या घरात एवढंच माहीत होतं: ते रुळांच्या गँगमध्ये होते, चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी कामावरच गेले. उतारावर रुळांनी लादलेली ढकलगाडी सुटली आणि ते तिच्याखाली सापडले. मागे तरणी बायको आणि चार वर्षांचा मुलगा. तो मुलगा म्हणजे आईचे आणि मामांचे वडील. रेल्वेनं पणजीला फाटकावर नोकरी दिली आणि तिनं सत्तावीस वर्षं फाटक उघडलं-लावलं. एकदाही गाडी आणि बैल समोरासमोर येऊ दिले नाहीत, असं आई फार अभिमानानं सांगते. आम्ही सगळे त्या फाटकाच्या जिवावर शिकलो-सवरलो.

मामांना पाठवण्यात आईचा एक हिशेब बरोबर होता. मामा पोस्टात छत्तीस वर्षं सॉर्टर होते. सोबतचे लोक त्यांना दुर्बीण म्हणत. पावसानं फुगलेला पत्ता, थरथरत्या हाताचा पत्ता, नुसतंच 'मोठ्या विहिरीजवळ, आत्याला' लिहिलेला पत्ता, मामा वाचणार आणि बरोबर खान्यात टाकणार. गल्लीतला औषधवाला अजूनही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन त्यांच्याकडे येतो.

रेल्वेची रेकॉर्डरूम रेल्वेच्याच जुन्या इस्पितळाच्या मागे होती, एका लांबट खोलीत. छतापर्यंत लोखंडी रॅक, फितीनं बांधलेले गठ्ठे, एकच पंखा आणि तोही फक्त टेबलापुरता. सांभाळायला एक बाई होती. धुळीनं तिला सतत शिंका यायच्या, म्हणून ती प्रत्येक वाक्य घाईत संपवायची.

"गँग नंबर सहा? मिळेल. पण काका, आधीच सांगते, उंदरांनी निम्मी आडनावं खाल्लीत. नंबर तेवढे शिल्लक आहेत."

"नंबर चालेल," मामा म्हणाले.

पहिल्या दिवशी मी सोबत होते. सर्व्हिस रजिस्टर निघालं. भरतीच्या वेळी प्रत्येक माणसाची एक ओळ लिहिलेली: नंबर, नाव, गाव, वारस, उंची, ओळखीची खूण. पणजोबा चौदा नंबरला होते. उंची पाच फूट दोन इंच, उजव्या भुवईत व्रण. शेवटच्या रकान्यात लाल शाईनं 'कामावर असताना मयत' आणि तारीख, अकरा.

"झालं," मी म्हटलं. "मिळाली तारीख. चला घरी."

मामा उठले नाहीत. "मस्टर पण बघू," ते म्हणाले. "आलोच आहोत तर."

मला आनंद झाला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून काही मागितलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर उत्सुकता वगैरे नव्हती. टपालाची थैली उघडली की ती रिकामी होईपर्यंत उठायचं नाही, एवढीच ती सवय होती.

मस्टर म्हणजे गँगच्या मुकादमानं रोज भरायचा हजेरीचा तक्ता. आडव्या रांगेत तारखा, उभ्या रांगेत माणसं, प्रत्येक चौकोनात 'ह' किंवा 'गै'. मामांनी चौदा नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सावकाश पुढे नेलं. एक तारखेला हजर, दोनला हजर. तीनला गैरहजर. चार, पाच, सहा, थेट दहापर्यंत गैरहजर. अकराला हजर, आणि त्यापुढे एक आडवी रेघ.

"आजारी असतील," मी म्हटलं. "बरे होऊन आले आणि नेमके त्याच दिवशी..."

मामा अंगठ्यानं अकरा तारखेचा चौकोन चोळत होते. पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं आहे का, ते बघायची त्यांची हीच पद्धत होती. मग त्यांनी ते पान उचलून खिडकीकडे धरलं. सगळा कागद पिवळा दिसत होता, तो एक चौकोन मात्र पांढुरका. तिथला कागद पात्यानं खरवडून पातळ केलेला होता.

"इथे आधी 'गै' होतं," मामा म्हणाले.

त्यांनी पान खाली ठेवलं आणि इतर ओळी बघायला लागले. एकोणीस नंबर. महिन्याभरापूर्वी नवीन लागलेला माणूस. दहापर्यंत रोज हजर. अकराच्या चौकोनात 'गै', पण तोही खरवडलेल्या जागेवर. आणि त्यापुढे तिरप्या अक्षरात एक शब्द: 'पळाला'.

"दोन्ही एकाच दिवशी लिहिलंय," मामा म्हणाले. "शाई एक, हात एक. मुकादमाचा हात. 'ह'चं शेपूट बघ."

मला काही कळत नव्हतं, किंवा कळत होतं आणि नको होतं. मामांनी सर्व्हिस रजिस्टर पुन्हा ओढलं आणि एकोणीस नंबरची ओळ मोठ्यानं वाचली. कुठल्या गावचा, वारस बायको, उंची पाच फूट आठ इंच. ओळखीची खूण: 'डाव्या हाताची शेवटची दोन बोटे नाहीत.'

रेकॉर्डवाली बाई शिंकली आणि म्हणाली, "मयत माणूस असेल तर नगरपालिकेच्या मृत्यू रजिस्टरमध्ये पण नोंद असते. अपघाताचं मरण असेल तर अंगावरच्या खुणा लिहितात."

नगरपालिकेत आठवडा गेला. अर्ज द्या, उद्या या, साहेब रजेवर आहेत, पुन्हा या. मामा रोज गेले. इतर लोक त्या खिडकीवर आवाज चढवायचे, मामा बाकावर बसून राहायचे. त्यांना घाई नव्हती आणि राग तर मुळीच नव्हता. शेवटी कारकुनालाच कंटाळा आला आणि त्यानं रजिस्टर काढून दिलं. मामांनी ती नोंद कागदावर उतरवून आणली आणि आमच्या स्वयंपाकघरात, आई भाजी निवडत असताना, ती वाचून दाखवली.

नाव पणजोबांचं होतं. पुढे लिहिलं होतं: पुरुष, उंच बांधा. चेहरा ओळखण्याजोगा नाही. डाव्या हाताची दोन बोटे नाहीत, जखम जुनी. ओळख पत्नीने कपड्यांवरून पटवली, पत्नीचा अंगठा. साक्षीदार, गँगचा मुकादम.

आईच्या हातातली भाजी तशीच राहिली. "म्हणजे?"

"म्हणजे आजोबा त्या दिवशी तिथे नव्हतेच," मामा म्हणाले. "आठ दिवस आधीच निघून गेले होते. मेला तो दुसरा माणूस. आजीनं त्याला आपला नवरा म्हटलं."

आईनं भाजी बाजूला सारली. मग तिचा आवाज चढला. "आजीला खोटारडी ठरवायला गेला होतास तू?"

"नाही. तारीख आणायला गेलो होतो."

"मग दे तारीख!"

"नाही मिळाली. ते मेल्याची नोंदच नाही कुठे."

मला हसू आलं असतं, इतक्या सरळपणे ते बोलले. पण आई उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं दाराआडूनच म्हणाली, "चार वर्षांचं पोर घेऊन तिनं काय करायला हवं होतं? नवरा परागंदा झालेल्या बाईला रेल्वे गँगच्या खोलीत राहू देणार होती का?"

"मी कुठे काय म्हणतोय," मामा म्हणाले. "तिनं केलं ते केलं. मी फक्त वाचलं."

मी नंतर पुष्कळ विचार केला. मुकादम वाईट माणूस असेल असं मला वाटत नाही. त्याच्यासमोर एक मेलेला नवा माणूस होता, ज्याचं इथे कोणीच नव्हतं, आणि एक जिवंत बाई होती, जिला दोन दिवसांत खोली सोडावी लागणार होती. त्यानं दोन चौकोन खरवडले. पणजीला तिथे नेलं असेल, चादर बाजूला केली असेल. तिला तो हात दिसला नसेल असं नाही. मी हे मामांना बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "कागदावर नाही ते मी वाचत नाही."

पण कागदावर एक गाव होतं, आणि 'वारस बायको' असं लिहिलेलं होतं. पाकिटावर पत्ता असला की ते पोचवायचं, इतकं साधं त्यांचं डोकं चालत होतं. त्यांनी त्या गावच्या पोस्टमनला पत्र घातलं. ओळख ना पाळख, पण खात्यातलं माणूस खात्यातल्या माणसाला उत्तर देतं. पंधरा दिवसांत कार्ड आलं. ती बायको केव्हाच वारली होती. मुलगी आहे, वय शहाऐंशी, चाळीस वर्षं शिवणाचा क्लास चालवायची, सगळे तिला शिवणबाई म्हणतात. मुलाच्या सायकल दुकानामागच्या खोलीत राहते. कान शाबूत आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं.

आई म्हणाली, "जाऊ नकोस. इतक्या वर्षांनी कुणाच्या घरात कशाला काडी टाकायची?" मामा म्हणाले, "बरं," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन निघाले. मीही निघाले, कारण ते फटकन काय बोलतील याची मला भीती वाटत होती. वाटेत बसमध्ये मी त्यांना चार वेळा सांगितलं, "मामा, हळूहळू सांगा. आधी इकडचं तिकडचं बोला. म्हातारं माणूस आहे."

खोली लहान, पण विलक्षण नीट होती. भिंतीशी झाकलेलं शिवणयंत्र, खिळ्याला कात्र्या लहान-मोठ्या क्रमानं टांगलेल्या, पलीकडून दुकानातला हवा भरायचा आवाज. शिवणबाई खुर्चीत ताठ बसलेल्या होत्या. सुनेनं पाणी दिलं आणि ती दुकानात गेली.

"कुठल्या गावाहून आलात?" बाईंनी विचारलं.

"तुमचे वडील पळाले नव्हते," मामा म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले.

बाई हलल्या नाहीत. "कोण म्हणतं?"

"रेल्वेचं रजिस्टर."

"रेल्वेनंच कळवलं होतं पळाले म्हणून. पत्र होतं आईकडे. दर दिवाबत्तीला ते काढायची आणि त्यांना शिव्या घालायची."

"ते पत्र खोटं होतं. ते कामावर मेले. अकरा तारखेला, ढकलगाडीखाली. त्यांच्या जागी माझ्या आजोबांचं नाव लावलं. मुकादमानं लिहिलं आणि माझ्या आजीनं अंगठा दिला."

हवा भरायचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. बाईंनी आपला डावा हात वर उचलला, डोळ्यांच्या अगदी जवळ धरला आणि शेवटची दोन बोटं मिटली.

"ही दोन?" त्यांनी विचारलं.

"हो. खुणेच्या रकान्यात तसंच आहे."

"लाकडाच्या वखारीत गेली होती, माझ्या जन्माआधी. आई सांगायची, तीन बोटांनी उचलायचे मला." त्यांनी हात मांडीवर ठेवला, पण बोटं मिटलेलीच राहू दिली. "शाळेत मला पळाल्याची पोर म्हणायचे. नाव कुणी घेतच नसे. पळाल्याचे, इकडे ये. पळाल्याचे, पाटी दाखव. लग्नाच्या वेळीही तेच. बाप पळाला, म्हणजे मुलगीही पळायची."

मामा ऐकत होते.

"तुमच्या आजीला मुलं किती होती?"

"एकच. माझे वडील. चार वर्षांचे होते."

"मी दीड वर्षाची होते." मग त्यांनी विचारलं, "तिला नोकरी मिळाली?"

"फाटकावर. सत्तावीस वर्षं."

"माझ्या आईनं लोकांची भांडी घासली." हे त्यांनी बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मग मान मामांच्या आवाजाच्या दिशेला वळवली. "मी आता तुमच्यावर रागवायचं का?"

"रागवा."

"येत नाही हो. बघतेय मघापासून. आत हात घालून बघतेय, काहीच लागत नाही हाताला. ऐंशी वर्षं त्यांच्यावर रागावले. आता तो राग कुठे ठेवू तेही कळत नाही, आणि तुमच्यासाठी नवा काढायचा तर तेवढी शक्ती नाही."

"मलाही काही वाटत नाही," मामा म्हणाले. "नऊ महिने झाले."

"कोण गेलं?"

"बायको."

तो शब्द मी त्यांच्या तोंडून नऊ महिन्यांत पहिल्यांदा ऐकला. आम्हा सगळ्यांशी बोलताना ते 'ते झाल्यापासून' असंच म्हणत. मला वाटलं आता बाई काहीतरी धीराचं बोलतील, वयानं मोठी माणसं बोलतात तसं. त्या एवढंच म्हणाल्या, "बसा अजून थोडं."

आम्ही बसलो. तासभर तरी बसलो असू. मध्ये चहा आला, तो तिघांनी प्यायला. एकदा बाईंनी विचारलं, "मातीला कोणी होतं त्यांच्या?" मामांनी खिशातला कागद काढून बघितला आणि सांगितलं, "पत्नी हजर, असं लिहिलंय. म्हणजे माझी आजी." बाईंनी मान हलवली. "चला, बाईमाणूस तरी होतं," त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी विचारलं, "हे कागद बदलता येतात का?"

"अर्ज करावा लागेल," मामा म्हणाले.

"मग करा."

पुढचे अकरा महिने मामांनी ते केलं. त्यात सांगण्यासारखं थोडं आहे, कारण बहुतेक सगळं वाट बघण्यातच गेलं. रेल्वेचा अधिकारी म्हणाला, इतकं जुनं कोण उकरतं. मामांनी तिन्ही नोंदींच्या नकला टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि समोर बसून राहिले. वकिलानं सांगितलं की एकोणीस नंबरला मयत लिहायचं तर चौदा नंबरचं मयत खोडावं लागेल, आणि त्यासाठी चौदा नंबरच्या वारसांची संमती लागेल. म्हणजे मामांची आणि आईची.

मामांनी तिथल्या तिथे सही केली. आईनं तीन महिने घातले. कागद तिच्या उशाशी पडून होता. ती मामांशी बोलत नव्हती, माझ्यामार्फत निरोप द्यायची: त्याला म्हणावं, आजीचं नाव खराब करून काय मिळालं? मामा तोच निरोप ऐकून "बरं" म्हणायचे. मग एका दुपारी आईनं मला विचारलं, "ती शिवणबाई दिसते कशी?" मी सांगितलं: ताठ बसते, कात्र्या ओळीनं टांगते, शाळेत तिला पळाल्याची म्हणायचे. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी उठून तिनं सही केली, पेन इतकं दाबून की खालच्या कागदावर उमटली. "आजी असती तर तिनंही केली असती," ती म्हणाली. खरंच केली असती का, ते आम्हाला कोणालाच माहीत नाही.

दुरुस्ती म्हणजे रजिस्टरच्या समासात हिरव्या शाईची दोन वाक्यं, शिक्का आणि सही. चौदा नंबरपुढे आता लिहिलंय, 'गैरहजर, ठावठिकाणा नाही.' पणजोबांचं पुढे काय झालं हे मामांनी आणखी चार ठिकाणच्या रजिस्टरांत शोधलं. कुठेच काही निघालं नाही. कुठेतरी जगले असतील, कुठेतरी मेले असतील, कदाचित दुसऱ्याच नावानं.

मामांनी शिवणबाईंना प्रमाणित नक्कल रजिस्टर्ड टपालानं पाठवली. मी म्हटलं, "आपणच नेऊन देऊ," तर म्हणाले, "नको. सहीनं मिळू दे त्यांना."

चार दिवसांनी मी मामांकडे असताना फोन वाजला. बाईच होत्या. आवाज खणखणीत, लांब बसूनही मला ऐकू येत होता. मुलानं वाचून दाखवलं होतं, सुनेनंही दाखवलं होतं. पण त्यांना मामांकडून ऐकायचं होतं.

"तुम्ही वाचा," त्या म्हणाल्या.

मामांनी आपली प्रत काढली, चष्मा लावला आणि वाचलं. "गँग नंबर सहा, गँगमन क्रमांक एकोणीस. अकरा तारखेस कामावर हजर. त्याच दिवशी कामावर असताना मयत."

"परत वाचा."

मामांनी परत वाचलं.

"ते मधलं. हजरवालं."

"अकरा तारखेस कामावर..." मामा वाचू लागले. 'हजर'शी येऊन ते थांबले. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, कारण अर्धवट वाचलेलं त्यांना चालत नाही.

पलीकडून दुकानातला हवा भरायचा आवाज ऐकू आला. मग बाई म्हणाल्या, "बरं. ठेवते," आणि फोन ठेवला.

मामांनी कागदाची घडी घातली. मला विचारलं, जेवून जाणार का. मी हो म्हटलं. ते आत जाऊन भात लावू लागले, आणि मी ताटं पुसायला घेतली.